दीड तास पुढे

१

कर्जतजवळच्या आमच्या भिसेगावात विमानात बसलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण विमानांवर बोलणारी घरटी दोन. तिकडे पनवेलच्या बाजूला नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तर ज्याला त्याला कंठ फुटलाय. डोक्यावरून विमान घरघरत गेलं की अर्धी आळी माना वर करते आणि ते कुठून आलं, कुठे निघालं, खाली कधी टेकणार यावर ठाम मतं देते. यातल्या एकालाही कर्जतहून पुण्याची गाडी वेळेत पकडता येत नाही.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, एवढंच माझं काम, आणि निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उशिरा येणारा प्रत्येक जण एक कारण घेऊन येतो, आणि ते ऐकून घेतल्याचं सोंग आणण्याचा आपल्याला पगार मिळतो.

त्या दिवशी सकाळी हिरामण नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला. हा माझा शेजारी. पूर्वी टेंपो चालवायचा, आता जमिनीची दलाली करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या ओट्यावर बसतो.

"समी येते म्हनं आज विमानानं?"

"येतेय."

"नागपूर लय लांब हाय रं, नवनाथ. किती येळ लागतो?"

"दीड तास."

"आन् आगगाडीला?"

"सगळी रात्र."

हिरामणनं बराच वेळ तंबाखू मळली. "मंग बाकीचा येळ कुटं जातो?"

असल्या प्रश्नाला उत्तर नसतं, पण माझी खोड, मी समजावत बसलो. सरळ रेषेत अंतर सातशे किलोमीटरच्या आत, विमानाचा वेग एवढा, याला त्यानं भाग, वर चढायला-उतरायला थोडं धर. तो मान हलवत होता. म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं.

समीक्षा आमची एकुलती एक. नागपूरला बँकेत आहे. आतापर्यंत रेल्वेनं यायची, या खेपेला विमानाचं तिकीट मीच काढून दिलं. माझ्या माहितीत जगात दोनच माणसं वेळेवर येतात, एक मी आणि दुसरी ती. माझं नाक तिनं घेतलंय आणि मूर्खासारखं कुणी काही बोललं की त्याच नाकातून माझ्यासारखंच हसते. खरं सांगायचं तर तिच्यावाचून मला या जगात फारसं कुणी आवडत नाही.

२

संध्या, म्हणजे माझी बायको, बारा वाजायच्या आत शिळफाट्याला बहिणीकडे जायला निघाली. लेक येणार तर मावशीच्या हातचे तांदळाचे पापड हवेतच, अशी तिची समजूत. जाताना तिनं उंबऱ्यापाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यावरच्या ताटलीत भाकरीचा तुकडा.

"ती यायच्या आत मी येतेच," ती म्हणाली. "पण मला उशीर झालाच, तर तिला दारात उभी करा. तुकडा ओवाळून बाहेर टाका, पाय धुवा म्हणावं, मग आत घ्या. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"नुसतं ऐकू नका."

आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे. लांबच्या प्रवासाहून माणूस आलं की त्याच्यावरून तुकडा आणि पाणी उतरवून टाकायचं, वाटेत काही लागलं असेल तर ते बाहेरच राहतं म्हणे. पूर्वी माणसं रानातून, घाटातून चालत यायची तेव्हा ठीक होतं. ज्या पोरीला विमानतळावर मशिनमधून तपासून, पट्टा-घड्याळ काढायला लावून आत सोडलंय, तिला आणखी काय चिकटून येणार होतं? आणि तेही तीस हजार फुटांवर?

संध्या गेली. ताटलीतली भाकरी ताजी होती आणि घरात जवळ्याची चटणी होती. मी तुकडा खाल्ला. वर तांब्यातलं पाणी प्यायलो आणि ढेकर दिली.

३

साडेबाराच्या सुमारास समीचा मेसेज आला. "बसले. दार लावलं. फोन बंद करतेय."

कुठलं विमान कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप माझ्या फोनवर आहे. ते उघडून मी ओट्यावर बसलो. नागपूरच्या धावपट्टीवर पिवळं विमान सरकलं, वळलं आणि त्याच्या शेजारचे उंचीचे आकडे वाढायला लागले. अगदी वेळेवर. मला बरं वाटलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि समी आत आली.

पाठीला सॅक, अंगात आकाशी कुडता, कानात ते पांढरे इअरबड. पायऱ्या चढली, माझ्यासमोरून गेली, हॉलमध्ये खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली. सॅक काढून पायापाशी ठेवली.

मला आधी राग आला आणि मग कौतुक वाटलं. म्हणजे पोरगी सकाळच्या विमानानं आली होती आणि बापाला गंडवायला फाटकाबाहेर उभी राहून मेसेज टाकला होता. सकाळी नागपूरहून विमान असतं का, हे काही मला माहीत नव्हतं. असेल.

"जमलं बरं का," मी दारातून म्हणालो. "आणि आत आलीस ते बरंच केलंस. आईनं ठेवलेला तुकडा मी खाल्ला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कानात बोळे घालून जन्माला आलेली ही पिढी. शेजारी आग लागली तरी यांना गाणं संपल्यावर कळेल. मी आत जाऊन तिच्यासमोर हात हलवला. ती बघत राहिली, माझ्या पोटातून पलीकडे कुठेतरी.

मग तिनं दोन्ही हात कमरेपाशी नेले. टक् असा आवाज आला. पट्ट्याचं धातूचं बक्कल सुटावं तसा. वेताच्या खुर्चीला कसला आलाय पट्टा?

ती उठून उभी राहिली, पण सरळ नाही. मान एका खांद्याकडे कलती करून, डोक्यावर काहीतरी असल्यासारखी. माझ्या हॉलचं छत चांगलं उंच आहे. मी स्वतः उभं राहून घातलेलं आहे. त्याच्याखाली माझी मुलगी वाकड्या मानेनं उभी होती आणि रांग पुढे सरकायची वाट बघत होती.

"काका," ती भिंतीला म्हणाली, "ती निळी बॅग माझी. जरा देता का काढून?"

तिनं हात वर केले आणि ते वजनानं खाली आले. हातांत काही नव्हतं.

रील, मी स्वतःला सांगितलं. हल्ली सगळी हेच करतात, दुधाच्या पिशवीसमोरही नाचतात. कुठेतरी फोन लावून ठेवला असेल आणि मी मध्ये उभा राहून चित्र बिघडवतोय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. हात अर्ध्यावर गेला आणि तिथून पुढे न्यावासा वाटला नाही.

४

मी ओट्यावर परत आलो. आत स्वयंपाकघरात जाऊन बसता आलं असतं, पण मला हॉलमधून जायचं नव्हतं आणि त्याचं कारणही स्वतःला सांगायचं नव्हतं. फोनवरचं पिवळं विमान विदर्भ सोडत होतं. मी समीला फोन लावला. बंद. आतमध्येही काही वाजलं नाही.

थोड्या वेळानं हिरामण पेपर न्यायला आला. विकत घेणं त्याला माहीत नाही. खिडकीतून त्याची नजर आत गेली.

"आली का पोरगी? इतक्यात?"

"आली."

"मला वाटलं दुपार कलल्याव येईल." तो खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. "नवनाथ, ही अशी का हालते रं?"

मी नाइलाजानं पाहिलं. समी पुन्हा बसली होती. गुडघे जवळ, एक हात वर कशाला तरी धरलेला. तिचं अंग डावीकडे झुकत होतं, सावरत होतं, मग उजवीकडे. मध्येच एक हिसका. वेताची खुर्ची करकरत होती.

"गाणी ऐकतेय," मी म्हणालो.

"गाण्याला असं हालत नाय कुनी. गाडीत बसल्यागत हालते."

"तुला टेंपोशिवाय दुसरं दिसतं का काही?"

तो चप्पल काढून उंबऱ्यापर्यंत गेला. आत माझ्या मुलीनं आपल्या बोटांनी कपाळावरचे केस मागे सारले. ते पुन्हा उडाले, पुन्हा सारले. पंखा बंद होता. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

हिरामणनं चप्पल परत घातली. "संध्यावैनी कुटं हाय?"

"शिळफाट्याला."

"येऊ दे त्यास्नी. मंग येतो मी." पेपर तिथेच टाकून तो निघून गेला. फुकटचा पेपर सोडून गेलेला हिरामण मी पहिल्यांदा पाहिला.

५

मी बाहेर बसून राहिलो आणि करकर ऐकत राहिलो. आत जाऊन तिला गदागदा हलवायचं आणि दोन शब्द सुनावायचे, इतकं साधं काम होतं. कारखान्यात पिऊन आलेल्या दांडग्या माणसांना मी दारातून परत पाठवलंय. इथे स्वतःच्या घरात, भर उन्हात, पोटच्या मुलीला विचारायला मला भीती वाटत होती. हो, भीतीच.

मग ती बोलायला लागली. करकर चालू होती, त्यामुळे सुरुवातीचं नीट कळलं नाही.

"हां, बाबा. बोला."

मी तोंड उघडलं नव्हतं.

"चौक गेलं मागे. कर्जतच्या रस्त्याला लागलो आत्ताच."

चौक म्हणजे पनवेलहून येताना वाटेत लागणारं गाव. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिनं हात कानाशी नेला होता. गप्प राहून ऐकत होती, जसं पलीकडचं माणूस बोलताना आपण ऐकतो.

"काय? उतरू? इथे?"

पुन्हा गप्प.

"बाबा, तुम्ही? तुम्ही हे बोलताय?" आणि ती नाकातून हसली. "आईनं बसवलं ना तुम्हाला फोनवर? थांबा, हे ड्रायव्हरदादांना सांगितलंच पाहिजे. दादा, अहो इकडे बघा जरा, आमचे बाबा काय म्हणतायत..."

ती पुढे वाकली. कुणाच्या तरी पाठीवर टकटक केल्यासारखी बोटं हलवली. आणि तिच्या तोंडावर सावली आली.

खिडकीतून ऊन तसंच होतं. जमिनीवर गजांचे पट्टे होते. फक्त तिच्या एकटीच्या तोंडावर डाव्या बाजूनं काहीतरी भलं मोठं सरकत आलं आणि तिनं तिकडे पाहिलं. डावीकडे माझी भिंत आहे. भिंतीकडे तिनं ज्या डोळ्यांनी पाहिलं ते मी लिहिणार नाही.

खुर्ची रिकामी होती. थोडा वेळ ती एकटीच करकरली.

६

जेवल्यावर डुलकी लागते. या वयात लागतेच. जवळ्याच्या चटणीनं पित्त होतं, पित्तानं वाईट स्वप्नं पडतात, आणि हिरामण हा स्वप्नातही फुकटचा पेपर न्यायला येण्याइतका लोचट आहे. मी हे सगळं स्वतःला नीट पटवून दिलं. पिवळं विमान अजून हवेत होतं, त्यात माझी मुलगी बसलेली होती. ती उतरलीच नव्हती तर चौकच्या पुढे कशी जाईल? ओट्यावर पेपर पडलेला होता. तो मी उचलला नाही.

विमान वेळेवर टेकलं. काही वेळानं मेसेज आला. "उतरले. टॅक्सीत बसले, निघालो. घरी आल्यावर बोलू."

इथेच थांबायला हवं होतं. पण मी हिशोबाचा माणूस. गावठी भुताटकीवर विश्वास ठेवायचा नसेल तर ती खोटी ठरवून मोकळं व्हावं, अशी माझी रीत. मी विचारलं, "बॅग वर ठेवली होतीस? कुणी काढून दिली?"

उत्तर लगेच आलं. "एका काकांनी. का? तुम्हाला कसं माहीत?"

मी फोन मांडीवर ठेवला.

म्हणजे खुर्चीत बसलेली जे करत होती, तेच माझी समी आता करत होती. दीड तासानं. विमानाला लागतो तेवढ्याच वेळानं. पुढे टॅक्सी चौकला येणार, कर्जतच्या रस्त्याला लागणार आणि मी तिला फोन करणार.

मग मला कळलं काय करायचं ते. मी फोन करणार, गाडीतून उतर म्हणणार, ती हसणार, ड्रायव्हरला मागे बघायला लावणार. सगळं माझ्या फोनवर अडलं होतं. फोन केला नाही तर हसायला काही नाही, ड्रायव्हरला सांगायला काही नाही, आणि तो बिचारा समोर बघून गाडी चालवेल. दुसरा कुणी असता तर घाबरून आधी फोनच लावला असता. मी तेवढा मूर्ख नाही. मी फोन बंद केला, तांदळाच्या डब्यात खाली दाबला आणि झाकण लावलं. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला.

७

संध्या घामाघूम होऊन आली. आल्या आल्या रिकामी ताटली दिसली.

"तुकडा कुठाय?"

"खाल्ला."

"खाल्ला?" तिनं पापडांची पिशवी खाली ठेवली. "अहो, एक काम सांगून गेले होते."

"दुसरा कर. वेळ आहे अजून."

ती तोंडानं पुटपुटत स्वयंपाकघरात गेली आणि पीठ मळायला लागली. मी तिच्यामागे जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. एरवी मी स्वयंपाकघरात उभा राहत नाही. पण मला हॉलमध्ये बसायचं नव्हतं आणि एकटंही बसायचं नव्हतं. ती भाकरी थापत होती. मी घड्याळाकडे पाठ केली होती. आता पनवेल मागे पडलं असेल, आता चौक. थोडाच वेळ काढायचा होता. ही बाई बडबडत राहो, असं मला लग्नानंतर प्रथमच वाटलं.

तिचा फोन वाजला.

"घेऊ नकोस," मी म्हणालो.

"का?" पिठाच्या बोटांनी तिनं तो उचललासुद्धा. "हां, समी! कुठे आलीस गं? ... हो, हो. मी आत्ताच आले बघ. ... बाबांचा? बंद लागतोय? नाही गं, हे काय, इथेच उभे आहेत."

मी मान हलवून नाही म्हणत होतो. संध्या माझ्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून.

"तुमच्याशीच बोलायचंय म्हणते," ती म्हणाली. "तुम्ही बॅगेचं काहीतरी विचारलंत ना, तेव्हापासून तिला चैन नाही. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारतेय. काय हो बॅगेचं?"

आणि तिनं फोन माझ्या कानाला लावला.

आत रस्त्याचा आवाज होता, वारा होता. काच उघडी असावी.

"हां, बाबा. बोला," समी म्हणाली. "चौक गेलं मागे. कर्जतच्या रस्त्याला लागलो आत्ताच."

डोकं शांत ठेवायचं, मी ठरवलं. उतर म्हणायचं नाही. घाबरलेलं दाखवायचं नाही. दोन साधी वाक्यं बोलायची आणि फोन ठेवायचा, की झालं. माझ्यासारख्या माणसाला एवढं जमणार नसेल तर कुणाला जमेल?

"काही नाही गं," मी म्हणालो. आवाज अगदी नेहमीचा आला. "सहज विचारलं होतं. सावकाश ये. ठेवतो."

वाऱ्याचा आवाज येत राहिला.

"काय?" समी म्हणाली. "उतरू? इथे?"

"उतर नाही म्हणालो. समी, मी उतर म्हणालेलोच नाही! नुसतं ये म्हणालो. नीट बस आणि ये."

"बाबा, तुम्ही? तुम्ही हे बोलताय?"

मी ओरडलो. हसू नकोस, कुणाशी बोलू नकोस, फोन ठेव, असं काय काय ओरडलो. तव्यावर भाकरी जळायला लागली होती. संध्या घाबरून मागे सरकली आणि फोन धरलेला तिचा हात माझ्या कानापासून लांब गेला, तरी समीचं नाकातून हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"दादा," ती म्हणाली.